हँगिंग गार्डनच्या खाली काय आहे?

मुंबई दर्शनला गेलेल्या प्रत्येकाने मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाहिलेलं असतं. झुडपं कातरून केलेले हत्ती-जिराफ, रस्त्यापलीकडे कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, खाली मरीन ड्राइव्हची वळणदार कड, पाच-दहा फोटो आणि परत गाडीत. पण ज्या हिरवळीवर आपण बसून चकल्या खातो तिच्या खाली काय आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. खाली पाण्याची टाकी आहे. सुमारे १४ कोटी ७० लाख लिटरची, १८८० च्या दशकात इंग्रजांनी बांधलेली. बाग म्हणजे तिचं छप्पर. आणि मंडळी, त्या टाकीत येणारं पाणी आपल्या शहापूर तालुक्याच्या बाजूचं आहे.

परवा आपल्या गावातली पन्नासेक माणसं बस करून मुंबई दर्शनला गेली, त्यात मीही होतो. निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. मुंबई कुणाला नवीन नव्हती. आसनगावहून लोकल धरून नोकरी करण्यात आयुष्य गेलेले चार-पाच जण होते. पण नोकरीची मुंबई वेगळी आणि दाखवायची मुंबई वेगळी. गेटवेला एक गाइड बसमध्ये चढला, पंचविशीतला, चुणचुणीत, माइक हातात घेतल्यावर थांबायचं नाव नाही. त्याने दिवसभर जे सांगितलं आणि जे सांगितलं नाही, त्यावर ही पोस्ट आहे. लांबली आहे, सवडीने वाचा.

गेटवेपासून सुरुवात. राजा पंचम जॉर्ज आला म्हणून ही कमान बांधली, हे त्याने बरोबर सांगितलं. पण राजा आला १९११ च्या डिसेंबरात, पायाभरणी झाली १९१३ मध्ये आणि कमान खुली झाली १९२४ मध्ये. म्हणजे ज्याच्या स्वागताला कमान, त्याला ती बघायला मिळालीच नाही. त्याच्या वेळी तिथे पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता. आपल्याकडे मंत्री यायच्या आदल्या रात्री डांबर टाकतात, ती परंपरा किती जुनी आहे बघा. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीखालून इंग्रज फौजेची शेवटची तुकडी बोटीवर चढली.

मग ताज. गाइडने ती ठेवणीतली गोष्ट सांगितली, की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि आर्किटेक्टने समुद्रात उडी घेतली. बसमध्ये "अरेरे" झालं. ही थाप आहे. प्रवेश शहराच्या बाजूने होता कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. आराखडा करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, सीताराम खंडेराव वैद्य, जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्य इमारत पुरी व्हायच्या आधीच वारले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने काम पुरं केलं. १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं. आत्महत्येची गोष्ट सगळ्यांना पाठ आणि वैद्यांचं नाव कुणाला माहीत नाही.

तिथून फोर्ट. "डावीकडे फ्लोरा फाउंटन, उजवीकडे सिग्नल, पुढे सीएसटी." एवढंच! मी जागेवरून उठलो आणि म्हटलं, "दादा, जरा थांबव. याला हुतात्मा चौक म्हणतात." त्याला माहीत होतं, पण त्याला वेळेत सीएसटी गाठायचं होतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंधरा माणसं गेली. पुढच्या जानेवारीत शहरभर गोळ्या चालल्या. १०६ हुतात्मे हा आकडा आपल्या तोंडात बसलाय तो याच लढ्याचा. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी तिथे उभे आहेत, सिग्नल लाल असेपर्यंत दिसतात.

पण आज मला त्या कारंज्याबद्दलच बोलायचंय. फ्लोरा फाउंटन उभं राहिलं १८६४ मध्ये. खरं तर ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी बनवलं होतं. तेवढ्यात गव्हर्नर बार्टल फ्रियरने जुन्या किल्ल्याचे तट पाडले, जागा मोकळी झाली आणि चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता तिथे कारंजं बसवलं. आता विचार करा, १८६४ मध्ये एखाद्या शहराला भर चौकात शोभेसाठी पाणी उडवायची ऐपत कधी येते? नळाचं पाणी आल्यावर. ते आलं होतं चारच वर्षं आधी.

त्याआधीची मुंबई म्हणजे विहिरी आणि तलाव. आज तुम्ही टॅक्सीवाल्याला "धोबीतलाव" म्हणता, "सी. पी. टँक" म्हणता, "गोवालिया टँक" म्हणता. यातला एकही तलाव आता नाही, सगळे बुजवले, नावं तेवढी उरली. हे तलाव शेठ-सावकारांनी बांधून दिलेले. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल. पण बेटावरची विहीर ती, उन्हाळ्यात आटायची नाहीतर मचूळ व्हायची. आणि शहर तर फुगत चाललेलं. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुटली, १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव झाली, मग अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं आणि इथला कापूस सोन्याच्या भावाने जायला लागला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर भरली. एवढ्या माणसांना विहिरी कुठून पुरणार?

म्हणून कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरने मिठी नदीवर धरण बांधायची योजना मांडली. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला. ते मुंबईचं पहिलं नळाचं पाणी. तेव्हा वाटलं, झालं, प्रश्न सुटला. एकोणीस वर्षांत तुळशी बांधावा लागला, १८७९. आणि तोही पुरला नाही तेव्हा शहराची नजर बेटाबाहेर, साष्टीच्याही बाहेर, थेट आपल्या डोंगरांकडे वळली.

इथे रेल्वेचा धागा जोडायला हवा, तो मुंबई दर्शनात कुणीच जोडत नाही. सीएसटीसमोर गाइड भरभरून बोलला. स्टीव्हन्सने बांधलेली इमारत, १८७८ ला सुरुवात, दहा वर्षं काम, २००४ मध्ये जागतिक वारसा, जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी घडवलेली नक्षी. सगळं बरोबर. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या डायरेक्टरांचे मुखवटे कोरलेत, त्यात जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत, हे मात्र मी आमच्या लोकांना बोटाने दाखवलं. नाना शंकरशेट मूळचे मुरबाडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. पण ही रेल्वे ठाण्यावर थांबली नव्हती. १८५५ मध्ये ती वासिंदला आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली, १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. रूळ आल्यावर आपलं जंगल, आपल्या नद्या मुंबईच्या आवाक्यात आल्या. त्या आधी तानसाचं खोरं मुंबईच्या माणसाला दुसऱ्या मुलखासारखं होतं.

तानसा धरण १८९२ मध्ये सुरू झालं. अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत, आजही बघितली तरी माणूस गप्प होतो. ती बांधणाऱ्या मजुरांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, ती कुठेच नसतात म्हणा. तिथून शंभरेक किलोमीटरवर मुंबई, आणि हे पाणी तिथे जातं ते उताराने. पंप लागत नाही. धरण उंचावर, शहर समुद्रकाठी, मध्ये नळ. इंग्रजांचं गणित साधं होतं: पाणी एकदा अडवलं की ते आपोआप आपल्याकडे येईल, कोळसा जाळायला नको. पुढे १९२० च्या दशकात सहा फूट व्यासाचे पोलादी नळ टाकले. आपल्या लहानपणी ज्या पाइपांवरून आपण चालत जायचो, ज्यांच्या सांध्यातून गळणाऱ्या पाण्यावर बायका हंडे भरायच्या, ते नळ हेच.

आता हिशेब बघा. १९५७ मध्ये मोडक सागर, महापालिकेचे इंजिनिअर मोडक यांच्या नावाने. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, नाशिक जिल्ह्यात. १९८० च्या दशकात भातसा, आपल्याच तालुक्यात. २०१४ मध्ये मोखाड्याकडे मध्य वैतरणा. मुंबईचे तलाव सात, त्यातले शहराच्या हद्दीत दोनच, विहार आणि तुळशी, आणि त्यांचा वाटा आता नावापुरता. बाकी पाच ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरात. एकट्या भातसातून जवळजवळ अर्ध्या मुंबईचं पाणी जातं. मुंबईतल्या जुन्या पाणपोया आठवा, केशवजी नायक यांचं १८७६ चं कारंजं, मिंट रोडजवळचं रतनसी मुलजी जेठांचं १८९४ चं. पाणी पाजणाऱ्याचं नाव दगडात कोरायची या शहराला सवय आहे. ते आणलं कुठून, हे कुठल्याच दगडावर सापडत नाही.

मरीन ड्राइव्हला बस थांबली नाही, नुसती सावकाश नेली. तिथे गाइडने "क्वीन्स नेकलेस" आणि कुठल्या बिल्डिंगीत कुठली नटी राहायची ते सांगितलं. मला मात्र नरिमन पॉइंटची गंमत आठवत होती. विसाच्या शतकात समुद्र बुजवायच्या बॅकबे योजनेत पैसे पाण्यात गेले, तेव्हा खुर्शेद नरिमन या वकिलाने तो घोटाळा चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन सुटला. आणि पुढे भरणी करून जी जमीन निघाली तिला नाव दिलं नरिमन पॉइंट. त्याला काय वाटलं असतं कुणास ठाऊक. असो, विषय पाण्याचा आहे.

मग हँगिंग गार्डन. गाइड म्हणाला, "जवळच पारशी लोकांचं दोखमा आहे. गिधाडांमुळे टाकीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून वर बाग केली." ही गोष्ट सगळेच सांगतात. तेवढ्यावर तो पुढे जाणार, इतक्यात मागून एक आजी बोलल्या. पंचाहत्तरीच्या. त्यांचं सासर भातसाच्या पाण्याखाली गेलेलं गाव.

"बाळा, टाकीत पाणी कुठलं?"

"आजी, बीएमसीचं."

"बीएमसीच्या घरी पाऊस पडतो का रे?"

सगळे हसले. गाइडही हसला, पण त्याला पुढे काय बोलावं कळेना. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा." म्हणून मी तिथेच, त्या कातरलेल्या हत्तीशेजारी उभं राहून दहा मिनिटं हे सगळं बोललो. दुसऱ्या बसची दोन-चार माणसंही थांबली. आजी मात्र ऐकत नव्हत्या. त्यांनी चप्पल काढून पाय हिरवळीवर ठेवले होते आणि खाली बघत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "आमचं गाव डुबलं तेव्हा साहेब बोललेला, मुंबईची लेकरं पितील. चांगलं हाये. लेकरांनी प्यावं. पण आमच्या नातसुना अजून डोक्यावर हंडा घेऊन खाली उतरत्यात."

यावर कुठला इतिहासकार काय उत्तर देणार?

आपल्या तालुक्यात पाऊस कमी पडत नाही, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण काळ्या कातळावरून तो धावत खाली जातो, मुरत नाही. विहिरी जानेवारी-फेब्रुवारीत तळ दाखवतात. धरणं खोलगट दऱ्यांत, पाडे वर टेकाडांवर. उतार मुंबईच्या बाजूचा आहे, पाड्याच्या बाजूचा नाही. ज्या गुरुत्वाकर्षणाने शंभरेक किलोमीटर लांबून पाणी फुकटात मलबार हिलच्या पायथ्याशी पोचतं, तेच गुरुत्वाकर्षण धरणापासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्याला आडवं येतं. तिथे पंप हवा, वीज हवी, बिल भरणारी ग्रामपंचायत हवी. म्हणून दर उन्हाळ्यात टँकर. मी वीसेक वर्षं ही बातमी लिहितोय, आकडे आणि पाड्यांची नावं बदलतात, मथळा तोच. भातसाच्या कालव्याने खालच्या काही गावांची शेती भिजली, हे नाकारत नाही. भावली धरणातून उताराने पाणी आणून आपल्या गावापाड्यांना द्यायची योजनाही मंजूर आहे. ज्या दिवशी तिचं पाणी शेवटच्या पाड्याच्या नळाला येईल त्या दिवशी फोटोसकट पहिली पोस्ट मीच टाकीन, पुढारी कुठल्याही पक्षाचा असो.

आणखी एक गोष्ट, ही ताजी आहे. ही मलबार हिलची टाकी जुनी झाली म्हणून पाडून नवी बांधायचं महापालिकेने ठरवलं होतं. त्यात ३८९ झाडं जाणार होती. तिथले रहिवासी उभे राहिले, सह्या झाल्या, पेपरात पानं भरली, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, आयआयटीची माणसं टाकीत उतरली, आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीकडे कल झुकला. मला याचा आनंदच आहे, झाडं वाचलीच पाहिजेत. पण त्याच मुंबईच्या पाण्यासाठी वाड्याजवळ ओगद्याला गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे, रोज ४४० दशलक्ष लिटरचा. तिथे तानसा अभयारण्यातलं जंगल बुडणार आहे, आदिवासी गावं उठणार आहेत, आणि झाडांचा हिशेब शेकड्यांत नाही, लाखांत आहे. मध्ये तो बाजूला ठेवला होता, पुन्हा पुढे सरकला. त्यावर मुंबईच्या किती पेपरांनी पानं भरली, ते मलबार हिलच्या बातम्यांशी ताडून बघा.

मुंबईकरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. चाळीतला माणूस पहाटे चारला उठून पाणी भरतो, त्याने काय कुणाचं गाव बुडवलं? आपलीच पोरं तिथे राहतात, तेच पाणी पितात. माझा राग आहे तो सांगण्यावर. दिवसभराच्या दर्शनात मन्नतसमोर वीस मिनिटं, सी-लिंकवर टोलसकट पंधरा मिनिटं, हाजी अलीला अर्धा तास. महालक्ष्मीला गाइडने हॉर्नबी वेलार्डची गोष्ट छान रंगवून सांगितली. बांध टिकत नव्हता, मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि बांध उभा राहिला. आख्यायिका आहे, पण त्यात निदान एक कळतं की बांध घालताना कुणाची तरी परवानगी मागावी लागते. आमच्या नद्यांना बांध घातले तेव्हा कुणाच्या स्वप्नात कुणी आल्याचं ऐकिवात नाही.

रात्री परतताना भिवंडी बायपासला बरेच जण झोपले होते. गाइड पोरगा वरळीला उतरला होता, उतरताना त्याने माझ्याकडून धरणांची नावं आणि सालं मोबाइलमध्ये लिहून घेतली. बघू.

आता काम सांगतो. तानसासाठी जमिनी घेतल्या त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली, त्याबद्दल घराघरांत ऐकीव गोष्टी तेवढ्या उरल्यात. पण मोडक सागर आणि भातसाचे कागद अजून लोकांच्या ट्रंकांत आहेत. संपादनाच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, बुडालेल्या गावाचे सातबारे, पुनर्वसनाच्या प्लॉटचे आदेश, देऊळ हलवलं तेव्हाचा एखादा फोटो. वाळवी लागायच्या आत त्यांचे नीट उजेडात फोटो काढा आणि मला इनबॉक्स करा. गावाचं नाव आणि कागद कुणाच्या घरचा ते लिहा, परवानगीशिवाय काही छापणार नाही. ज्यांच्याकडे कागद नाहीत पण आजी-आजोबा आहेत, त्यांनी मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करा. बुडालेल्या गावांची आळीनिहाय यादी करायला घेतली आहे. भातसाच्या बाजूची सात घरं झाली, मोडक सागरच्या बाजूचं अजून एकही नाही. तिकडचं कुणी वाचत असेल तर आजच फोन करा.